मानसिक ताण सेन्सरने टिपायचा, तर सुरुवात कुठून करायची

ताण थेट मोजणारा सेन्सर अजून कुणी बनवलेला नाही. त्या नावाने जे विकलं जातं ते घाम, नाडी नाहीतर त्वचेचं तापमान मोजतं आणि ताणाचा निष्कर्ष मागाहून काढलेला असतो. तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलाचे तळवे घामेजतात, तसेच जिना धावत चढलेल्याचे, झणझणीत मिसळ खाल्लेल्याचे आणि सामन्याच्या शेवटच्या षटकात टीव्हीसमोर बसलेल्याचेही घामेजतात. सेन्सरला यातला फरक कळत नाही. तो कळावा म्हणून प्रयोगाची आखणी करायची असते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांत बहुतेकांची गाडी इथेच अडते: सर्किट चालतं, आलेखही हलतो, पण तो कशाने हलला हे कुणालाच सांगता येत नाही.

इथे दोन सेन्सरांचा संच घेतला आहे, बोटाच्या त्वचेची विद्युतवाहकता आणि नाडी. नवख्याने यापेक्षा जास्त सेन्सर सुरुवातीला जोडू नयेत.

शरीरात काय घडतं

तळहातावर आणि बोटांवर घामाच्या एक्राइन ग्रंथी दाट असतात आणि त्यांना हुकूम फक्त सिम्पथेटिक मज्जासंस्थेकडून, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंकडून येतो. घाम नलिकांत चढला की त्वचा वीज जास्त वाहू देते. ही वाहकता मायक्रोसीमेन्समध्ये मोजतात. बहुतेक माणसांच्या बोटांवर ती २ ते २० च्या दरम्यान भरते. तिचे दोन भाग असतात. एक संथ पातळी, जी मिनिटामिनिटाने सरकते. दुसरे त्यावर उठणारे छोटे उंचवटे: दचकल्यावर किंवा प्रश्न कानावर पडल्यावर १ ते ३ सेकंदांनी चढायला लागतात, आणखी १ ते ३ सेकंदांत शिखर गाठतात आणि मग सावकाश उतरतात. निवांत बसलेल्या माणसात असे उंचवटे मिनिटाला १ ते ३ येतात, खूप उत्तेजित अवस्थेत २० च्याही पुढे जातात.

हृदयाचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे, कारण त्याच्यावर दोन लगाम असतात. सिम्पथेटिक वेग वाढवते, व्हेगस हा मज्जातंतू तो आवरतो. ताणात व्हेगसची पकड सैल होते, ठोके वाढतात आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार कमी होतो. हा चढउतार आरएमएसएसडी या आकड्याने मोजतात. लागोपाठच्या दोन अंतरांतला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घ्यायचं. उत्तर मिलिसेकंदांत येतं.

सामान

ईएसपी३२ डेव्हलपमेंट बोर्ड, एडीएस१११५ मॉड्यूल (व्होल्टचे बारीक आकडे करून देणारं), एमसीपी६००२ ऑप-अँप (संकेत वाढवणारी चिप), मॅक्स३०१०२ नाडी सेन्सर, मायक्रो एसडी कार्ड मॉड्यूल, एक पुश बटण, ब्रेडबोर्ड. एक टक्का सहनशीलतेचे रेझिस्टर: १० किलोओहम, ५६ किलोओहम, २२० किलोओहम, शिवाय चाचणीसाठी १ मेगाओहम, ४७० आणि १०० किलोओहम. ०.१ मायक्रोफॅरॅडचे दोन-तीन कपॅसिटर. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड आणि त्यांना बसणाऱ्या टिचबटणाच्या वायरी. वीजपुरवठ्याला बॅटरी किंवा पॉवर बँक.

एडीएस१११५ वगळून ईएसपी३२ च्याच अॅनालॉग पिनवर काम भागवायचा मोह होतो. पण त्या पिनचं वाचन दोन्ही टोकांना वाकडं जातं आणि गोंगाट बराच असतो. आर्डुइनो उनोवर अडचण वेगळी आहे. ५ व्होल्टचे १०२४ भाग केले की एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची होते. खालच्या सर्किटमध्ये ती ०.०४४ मायक्रोसीमेन्स एवढी भरते. उंचवटा धरण्यासाठी साधारण ०.०५ ची मर्यादा वापरतात, म्हणजे लहान उंचवटा अख्खा एका पायरीत गडप. एडीएस१११५ वर ४.०९६ व्होल्टची पट्टी निवडली की पायरी ०.००११ मायक्रोसीमेन्सवर येते. ही पट्टी प्रोग्रॅममध्ये मुद्दाम निवडावी लागते. नेहमीच्या लायब्ररीत सुरुवातीला ६.१४४ ची असते.

वाहकतेचं सर्किट

१. ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये ५६ आणि १० किलोओहम एकापुढे एक लावा, १० चा रेझिस्टर ग्राउंडकडे. मधल्या बिंदूवर बरोबर ०.५ व्होल्ट मिळतो. तिथून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरॅड जोडा.

२. हा बिंदू एमसीपी६००२ च्या पिन ३ ला द्या. पिन ८ ला ३.३ व्होल्ट, पिन ४ ला ग्राउंड.

३. पिन १ आणि पिन २ यांच्यामध्ये २२० किलोओहम आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरॅड. या जोडीमुळे ७ हर्ट्झच्या वरचं बरंचसं गळतं. त्यात भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आली.

४. एक इलेक्ट्रोड पिन २ ला, दुसरा ग्राउंडला.

५. पिन १ एडीएस१११५ च्या पहिल्या वाहिनीला.

६. चिपमधला दुसरा अँप लोंबकळत ठेवू नका. पिन ५ ला तोच ०.५ व्होल्ट द्या आणि ६ व ७ एकमेकींना जोडा.

या मांडणीत दोन बोटांवर कायम ०.५ व्होल्टच राहतो, हा तिचा मोठा फायदा. वाहकता २० मायक्रोसीमेन्स असली तरी शरीरातून जाणारा प्रवाह १० मायक्रोअँपियर, म्हणजे काही जाणवतही नाही. हिशेबही सोपा आहे. मिळालेल्या व्होल्टला ०.५ ने भागा, त्यातून १ वजा करा आणि उरलेल्याला २,२०,००० ने भागा. उत्तर सीमेन्समध्ये येईल. ०.५ च्या जागी मल्टिमीटरवर प्रत्यक्ष आलेला आकडा घ्या. तो ०.४९ किंवा ०.५१ असू शकतो.

माणसाला जोडण्याआधी रेझिस्टरला जोडा. इलेक्ट्रोडच्या वायरी मोकळ्या असताना पिन १ वर ०.५ व्होल्ट यायला हवा. १ मेगाओहम लावला की ०.६१, ४७० किलोओहमला ०.७३, १०० किलोओहमला १.६. चारही आकडे जुळले तर सर्किट बरोबर आहे. मोकळ्या वायरीवरच ३.३ दिसत असेल तर पिन १ आणि २ मधला रेझिस्टर नीट बसलेला नाही.

दुकानात एमसीपी६००२ नसला की एलएम३५८ हातात ठेवतात. तो इथे चालत नाही. त्याचं आउटपुट पुरवठ्याच्या सुमारे दीड व्होल्ट खालीच अडतं, म्हणजे ३.३ वर चालवला तर १.८ च्या पुढे जात नाही. १२ मायक्रोसीमेन्सच्या आसपास आलेख सपाट होतो आणि ज्याचे हात सगळ्यात घामट तोच माणूस सगळ्यात शांत ठरतो.

त्वचेची वाहकता मोजणारं तयार जीएसआर मॉड्यूल घेतलंत तर सर्किटची खटपट वाचते, पण त्याच्या बोटपट्ट्या बहुधा निकेलच्या असतात आणि वाचन सरकत राहतं. त्यावरचा छोटा पोटेन्शिओमीटर कुणीही पट्ट्या घातलेल्या नसताना उनोवर ५१२ येईपर्यंत फिरवायचा. बरेच जण ही पायरी गाळतात.

इलेक्ट्रोड बसवताना

ज्या हाताने लिहीत नाही तो हात घ्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींचं मधलं पेर, तळव्याकडची बाजू. हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करायला सांगा. स्पिरिट लावू नका, त्वचा कोरडी पडते. घासूही नका, वरचा थर निघाला की वाहकता खोटीच वाढते. मोजायचं आहे ते त्या थरातूनच.

ईसीजीचे चिकट इलेक्ट्रोड स्वस्त आणि सहज मिळणारे, शिकायला ठीक आहेत. त्यांची जेल मात्र खारट असते. ती त्वचेत मुरत जाते तशी पातळी उगाच वर चढते. नेटकं काम हवं असेल तर या मापनासाठीची सौम्य जेल वापरावी. तिच्यात मिठाचं प्रमाण १०० मिलिलिटरला सुमारे ०.३ ग्रॅम असतं. अॅल्युमिनियम फॉइल आणि वेल्क्रोचा जुगाड इंटरनेटवर खूप दिसतो. फॉइलवर रासायनिक क्रिया होऊन दहा मिनिटांत पातळी कुठल्या कुठे जाते, म्हणून तो टाळाच.

जोडल्यावर किमान १० मिनिटं थांबा. मग एकदाच जोरात श्वास आत घ्यायला सांगा. तीनेक सेकंदांत उंचवटा दिसला तर जोडणी जिवंत आहे. नाही दिसला तर बोट थंड आहे का, चिकटपट्टी सैल आहे का ते बघा. सगळं ठीक असूनही काही जणांच्या बोटांवर उंचवटे उठतच नाहीत. अशा व्यक्तीची नोंद वहीत तशीच लिहा आणि वाहकतेच्या विश्लेषणातून तिला बाजूला ठेवा. आकडे ओढूनताणून बसवू नका.

नाडी

एडीएस१११५ ज्या दोन आय२सी वायरींनी बोर्डाशी बोलतो त्यांवरच, म्हणजे ईएसपी३२ च्या पिन २१ (एसडीए) आणि २२ (एससीएल) वर मॅक्स३०१०२ बसतो. त्याचा पत्ता हेक्स ५७ आणि एडीएस१११५ चा हेक्स ४८, म्हणून भांडण होत नाही. सेन्सर सापडतच नसेल तर मॉड्यूल नीट बघा. काही स्वस्त बोर्डांवर पुल-अप रेझिस्टर १.८ व्होल्टला जोडलेले असतात आणि ३.३ वर चालणाऱ्या बोर्डाला तो संकेत उमगत नाही. ते पुल-अप काढून ३.३ ला नवे लावावे लागतात.

बोट दुसऱ्या हाताचं घ्या आणि इन्फ्रारेड वाहिनी वापरा. बोट सेन्सरवर दाबून धरलं की रक्त हटतं आणि लाट सपाट होते. सैल धरलं की प्रत्येक थरथर नाडी वाटते. मऊ पट्टीने हलकं बांधून हात टेबलावर ठेवणं सगळ्यात बरं. मेंदी लावलेलं बोट टाळा. थंड हात असतील तर आधी चोळून गरम करून घ्या.

सेकंदाला १०० नमुने घेतले तर दोन नमुन्यांत १० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. आरएमएसएसडी स्वतः बहुधा २० ते ६० मिलिसेकंदांच्या घरात असतो, त्यामुळे ही पट्टी जाड पडते. शिखराच्या शेजारचे दोन नमुने घेऊन अन्वस्त (पॅराबोला) बसवा आणि खरं शिखर काढा, किंवा नमुन्यांचा वेग ४०० करा. दुसरी खोच वेळेची. सेन्सरच्या आतल्या साठ्यात ३२ नमुने मावतात. सेकंदाला १०० च्या वेगाने तो ०.३२ सेकंदात भरतो. एसडी कार्डावर लिहिताना प्रोग्रॅम तेवढा अडकला की नमुने सांडतात, पुढचे ठोके पुढे-मागे होतात आणि आलेखाकडे बघून काही कळत नाही. कार्डावर मोठे तुकडे करून लिहा आणि लिहिण्याचं काम वेगळ्या टास्कवर टाका. नमुन्याची वेळ त्याच्या क्रमांकावरून काढा. तो वाचला गेला त्या क्षणावरून काढू नका.

सुरक्षितता

इलेक्ट्रोड अंगाला असताना संच चार्जरला लावलेल्या लॅपटॉपशी जोडायचा नाही. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा किंवा सरळ कार्डावर नोंद घ्या. चार्जरमधून येणारी गळती आलेखही बिघडवते. वाय-फाय बंद ठेवा, नाहीतर ३.३ व्होल्टची रेघ सतत हिसके खाते. पॉवर बँक वापरत असाल तर आधी तासभर चालवून बघा. प्रवाह फार कमी लागला की काही पॉवर बँका आपोआप बंद होतात, तेही नेमक्या नोंदीच्या मध्यावर.

नोंद कशी घ्यायची

खोलीचं तापमान २२ ते २५ अंशांत ठेवा आणि सगळ्यांसाठी तेच. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात पंख्याखाली घेतलेली वाहकता हवेतल्या दमटपणाचीच जास्त असते. दोन तास आधीपासून चहा-कॉफी, सिगारेट आणि व्यायाम नको. बीटा ब्लॉकरसारखी औषधं चालू असतील तर लिहून ठेवा. त्यांनी हृदयाचा प्रतिसाद बदलतो.

ताण आणायचा कसा? १९९३ साली जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. अनोळखी, निर्विकार परीक्षकांसमोर ५ मिनिटं बोलायचं आणि मग ५ मिनिटं १०२२ मधून १३ वजा करत जायचं. चुकलं की पुन्हा १०२२ पासून. कॉलेजच्या प्रयोगाला वजाबाकी आणि समोर वही घेऊन बसलेली एक अनोळखी व्यक्ती पुरते. मित्राला परीक्षक करू नका. हसू फुटतं आणि हसण्याने दोन्ही सेन्सर हलतात.

मोठ्याने बोलण्यानेच श्वास बदलतो आणि श्वासाबरोबर ठोक्यांतला चढउतारही बदलतो. मग दिसलेला फरक ताणाचा की बोलण्याचा? म्हणून मध्ये एक साधं वाचन घाला, उदाहरणार्थ एखाद्या यंत्राची वापर-पुस्तिका. क्रम असा: ५ मिनिटं शांत बसणं, ५ मिनिटं मोठ्याने वाचन, ५ शांत, ५ वजाबाकी, ५ शांत. निम्म्या लोकांसाठी वाचन आणि वजाबाकी उलटवा. वाचनापेक्षा वजाबाकीत जो जास्तीचा फरक पडला तोच तुमच्या कामाचा.

प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला पुश बटण दाबून खूण करा. शिंक, खोकला, दारावरची टकटक, सगळ्याला खूण. टप्पा संपला की ० ते १० मध्ये किती ताण वाटला ते विचारा आणि लिहा. शरीराचे आकडे आणि माणसाचं उत्तर जुळलं नाही, तर ती विसंगती लपवू नका.

लेखी संमती आधी घ्या आणि कधीही थांबता येईल हे स्पष्ट सांगा. फाइलला नाव देताना क्रमांक वापरा. कर्मचाऱ्यांवर किंवा विद्यार्थ्यांवर सरसकट लावायची कल्पना कुणी मांडली तर दोन गोष्टी दाखवा. सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये संमतीशिवाय पॉलिग्राफ आणि नार्को चाचण्या करायला मनाई केली, आणि पॉलिग्राफमध्ये त्वचेची वाहकता मोजतातच. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत अशा शारीरिक खुणांवरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांना, वैद्यकीय आणि सुरक्षिततेची कारणं वगळता, बंदी घातली आहे. प्रयोगादरम्यान कुणी खरंच खचलेलं आढळलं तर मोजणी तिथेच थांबवा आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या.

आकड्यांवर काम

वाहकतेसाठी सेकंदाला १० नमुने पुरतात. आधी एकाच नमुन्यापुरते उडालेले काटे काढा, मग १ हर्ट्झच्या वरचं गाळा. संथ पातळी आणि उंचवटे वेगळे करायला पायथनमधली न्यूरोकिट२ लायब्ररी सोपी पडते. उंचवटा एका सेकंदाच्याही आत उभा चढला असेल तर तो घामाचा नाही, वायर हलली.

नाडीत सगळ्यात मोठा शत्रू सुटलेला ठोका. समजा मिनिटाला ७५ ठोके आहेत, म्हणजे अंतर ८०० मिलिसेकंद, आणि खरा आरएमएसएसडी ३० आहे. एकच ठोका पकडायचा राहिला की एक अंतर १६०० होतं आणि त्या मिनिटाचा आरएमएसएसडी १३० च्या पुढे उडतो. ताणलेला माणूस ध्यानस्थ दिसायला लागतो. प्रत्येक अंतर शेजारच्या अंतरांच्या मध्यकाशी ताडा, २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर बाद करा, आणि एका खिडकीत, म्हणजे हिशेबासाठी कापलेल्या वेळेच्या एका तुकड्यात, दहा टक्क्यांहून जास्त बाद झाले तर अख्खी खिडकी फेका. एलएफ-एचएफ गुणोत्तर (ठोक्यांच्या चढउतारातल्या मंद आणि जलद लहरींचं प्रमाण) म्हणजे ताणाचा निर्देशांक असं अनेक ठिकाणी वाचायला मिळेल. त्या अर्थावर मोठा वाद आहे, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

‘६ मायक्रोसीमेन्सच्या वर म्हणजे ताण’ अशी सरसकट रेघ कधीच चालत नाही. एकाची विश्रांतीची पातळी ३ असते, दुसऱ्याची १२. प्रत्येकाच्या पहिल्या शांत टप्प्याची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा आणि पुढचे सगळे आकडे त्याच्या तुलनेत मांडा. एका मिनिटाच्या खिडकीसाठी चार आकडे पुरे: पातळी, उंचवट्यांची संख्या, सरासरी नाडी, आरएमएसएसडी.

मॉडेल शिकवायला स्वतःची माहिती अपुरी पडते, तेव्हा २०१८ साली खुला झालेला वेसाड संच घ्या. त्यात १५ जणांच्या छातीवरच्या आणि मनगटावरच्या नोंदी आहेत. मनगटाच्या पट्ट्यावर वाहकता सेकंदाला ४ वेळा, नाडीची लाट ६४ वेळा. मूळ निबंधात ताण आहे की नाही एवढंच ओळखण्यात ९३ टक्क्यांपर्यंत यश मिळालं. शांत, ताण आणि करमणूक असे तीन गट केल्यावर ते ८० पर्यंत आलं. हे १५ पैकी एकाला पूर्ण बाहेर ठेवून तपासलेले आकडे आहेत. एकाच माणसाच्या एकमेकींवर चढलेल्या खिडक्या शिकवणीत आणि चाचणीत वाटून टाकल्या की ९९ टक्केही सहज दिसतात. मॉडेलने तेव्हा ताण शिकलेला नसतो, माणूस ओळखलेला असतो. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत कुणी ९९ सांगितले की पहिला प्रश्न याच वाटणीचा विचारला पाहिजे.

या संचात १२ पुरुष आणि ३ स्त्रिया आहेत आणि सगळ्या नोंदी प्रयोगशाळेतल्या. तिथे शिकलेलं मॉडेल लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या मनगटावर लावायचं असेल तर सोबत त्वरणमापक (हालचाल टिपणारा सेन्सर) हवाच. हालचाल होत असलेली खिडकी ‘ताण नाही’ मध्ये टाकू नका आणि ‘ताण आहे’ मध्येही नाही. तिच्यासाठी ‘सांगता येत नाही’ हा तिसरा रकाना ठेवा आणि दिवसभरातल्या किती खिडक्या त्यात पडल्या हे अहवालात अचूकतेच्या टक्क्यांशेजारीच छापा.